यंत्रापुढची रांगोळी

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे दारापुढे ठिपक्यांची रांगोळी निघते. हात बसलेल्या बायका नुसत्या चिमटीने ठिपके टाकतात. पण ज्यांचा हात तितका बसलेला नसतो त्यांच्यासाठी बाजारात भोके पाडलेला कागद मिळतो. कागद अंथरावा, वरून रांगोळी पसरून हात फिरवावा, आणि कागद अलगद उचलावा, की ठिपके सारख्या अंतरावर ओळीने उभे! पुढे ते जोडून कमळ काढा नाहीतर कासव काढा. ते किती रेखीव येणार हे कागदाच्या भोकांनी आधीच ठरवून टाकलेले असते. भोके वाकडी पडली असतील तर रेघ कितीही निगुतीने ओढा, कमळ एका अंगाला कलायचेच.

यंदा मला एक रांगोळी काढावी लागली; ती दारापुढे नव्हे, यंत्रापुढे. ठिपके दोनच, पण एकेक ठिपका एक मिलिमीटर व्यासाचा, आणि तो पाहणार कोण, तर कॅमेरा! माझा जन्म टूलरूममध्ये मायक्रोमीटर हाताळण्यात गेला. घरी बसल्यावरही ते खूळ सुटलेले नाही, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा ऐन दिवाळीत मी त्यांच्यापुढे चकली-कडबोळ्यांऐवजी कॅलिब्रेशनचे ताट वाढले, तर ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. कॅलिब्रेशन म्हणजे मोजणाऱ्या वस्तूचीच मोजणी. वाण्याचा तराजू वजनमापवाले तपासून शिक्का मारून देतात ना, त्यातलाच प्रकार.

यंत्र माझ्या भाच्याचे. तो ठाण्याला राहतो आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी भरले की पंप आपोआप बंद करणारे सर्किट बोर्ड घरीच तयार करून विकतो. पाण्याच्या टाक्या ओसंडून वाहणे हा आपल्या सोसायट्यांचा जुना आजार असल्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. एका बोर्डावर 46 सुटे भाग बसतात: रेझिस्टर, कपॅसिटर, दोन-तीन छोट्या चिप्स आणि एक दिवा. हे भाग केवढे म्हणाल, तर पुष्कळसे 1.6 मिलिमीटर लांब आणि 0.8 मिलिमीटर रुंद. तांदळाच्या एका दाण्यावर तीन सहज झोपतील. बोर्डावर जिथे भाग बसायचा तिथे कथलाच्या भुकटीची चिकट पेस्ट लावलेली असते. भाग त्यावर नेमका ठेवायचा आणि बोर्ड भट्टीत घालायचा. कथील वितळते आणि भाग पक्का होतो.

हे 'नेमके ठेवणे' तीन वर्षे माझी ताई करीत आली. वय अडुसष्ट. जन्मभर तांदूळ निवडल्यामुळे बारीक वस्तूवर नजर ठरवण्याची सवय. ती या कामी आली. दिव्याखाली भिंग धरायचे, चिमट्याने रेझिस्टर उचलायचा, श्वास रोखून ठेवायचा. भाच्याची एक तुकडी 150 बोर्डांची असते, म्हणजे 6,900 वेळा चिमटा उचलायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. उजव्याची पाळी आता आली आहे. मान तर केव्हाच धरली. भाचा म्हणायचा, "आई, पुरे कर." ताई म्हणायची, "पुरे कर म्हणतोस, मग ठेवणार कोण? तुझा हात थरथरतो." आणि ते खरेही होते.

म्हणून हे यंत्र आले. इंग्रजीत त्याला पिक-अँड-प्लेस म्हणतात. आपण उचल-ठेव यंत्र म्हणू. कारखान्यांतल्या अशा यंत्राची किंमत ऐकून माणसाने खुर्ची शोधावी. पण अलीकडे हौशी लोकांनी त्याचे आराखडे आणि ते चालवणारी 'ओपनपीएनपी' नावाची संगणक-प्रणाली सर्वांना फुकट खुली करून ठेवली आहे. भाच्याने तसले यंत्र सुटे भाग आणून जोडले. टेबलावर एक चौकट. चौकटीत डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे पट्ट्याने सरकणारे डोके. डोक्याला एक पोकळ सुईसारखी सोंड. सोंडेतून हवा ओढली की भाग टोकाला चिकटतो, हवा सोडली की सुटतो. आणि डोळे दोन. एक डोक्यावर बसवलेला, खाली बोर्डाकडे पाहणारा. दुसरा टेबलात पुरलेला, आकाशाकडे पाहणारा. सोंडेने भाग उचलला की तो आधी या डोळ्याला दाखवायचा, म्हणजे तो तिरका चिकटला आहे की सरळ हे कळते, आणि तेवढी दुरुस्ती करून मग बोर्डावर ठेवायचा.

नवरात्रापर्यंत 150 बोर्ड द्यायचे कबूल केलेले होते. यंत्र चालले तर ठीक. न चालले तर ताई पुन्हा भिंगाखाली बसणार, हे तिघांनाही ठाऊक होते. आणि यंत्र चालत नव्हते. सोंड नेमाने भाग उचलायची आणि नेमाने तिसरीकडेच ठेवायची.

कारण सोपे आहे. कॅमेऱ्याला मिलिमीटर कळत नाही. त्याला कळतात फक्त चित्राचे कण, म्हणजे पिक्सेल. आमच्या कॅमेऱ्याच्या चित्रात एका ओळीत 1,280 कण येतात. 'ठिपका मध्यापासून दोनशे कण उजवीकडे आहे' एवढेच तो सांगणार. दोनशे कण म्हणजे किती मिलिमीटर, हे त्याला बाहेरून कोणीतरी सांगावे लागते. लहान मुलाला चंद्र लाडवाएवढा दिसतो तो काही डोळ्यांच्या दोषाने नव्हे. लाडू किती लांब आणि चंद्र किती लांब हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आता बाहेरून सांगायचे म्हणजे कॅमेऱ्यापुढे अशी वस्तू ठेवायची जिचे माप आपल्याला पक्के माहीत आहे. ही वस्तू आणायची कुठून, यावर आमच्या घरात आठवडाभर काथ्याकूट चालला होता.

भाच्याने आधी तेच केले जे कोणीही करील. संगणकावर बुद्धिबळाच्या पटासारखे पाच-पाच मिलिमीटरचे चौकोन आखले, छापून कागद कॅमेऱ्याखाली चिकटवला. मी व्हर्नियर लावला. वीस चौकोनांचे शंभर मिलिमीटर भरायला हवेत, ते भरले सत्त्याण्णव! प्रिंटरने परस्पर चित्र 'कागदात बसवून' घेतले होते. ती सोय बंद केल्यावर आकडा शंभराला टेकला. पण दोन दिवस पावसाची झड लागली आणि तोच कागद पाव मिलिमीटरने वाढला. कागद म्हणजे शेवटी गवत-लाकडाचे तंतू. दमट हवेत ते फुगतात, आणि उभे फुगतात त्याहून आडवे जास्त फुगतात. शिवाय भिंगातून पाहिले तर शाईची कड गोधडीच्या कडेसारखी.

मग थ्रीडी प्रिंटरवर ठिपका उठवून पाहिला. त्या यंत्राच्या तोंडाचे भोक 0.4 मिलिमीटरचे, त्यातून एक मिलिमीटरचा गोल काढणे म्हणजे चकलीच्या सोऱ्यातून मोत्याचा दाणा काढण्यासारखे. कडेला पाझर आणि वर चकाकी. शेवटी भाचा परदेशातून काचेवर कोरलेली मोजपट्टी मागवायच्या गोष्टी बोलू लागला. तिची किंमत निम्म्या तुकडीच्या नफ्याएवढी. तेव्हा मात्र मी म्हटले, "थांब. आधी आपल्याला काय हवे आहे ते ठरवू."

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते वाटते तितके लांबचे नाही. आपल्याकडे सोनार पूर्वी गुंजांनी सोने तोलीत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला 96 गुंजा. गुंज हे काही सरकारी टाकसाळीत पाडलेले वजन नव्हे. वेलीवर येणारी बी ती. तरीही शतकानुशतके तिच्यावर लाखांचे व्यवहार झाले. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1 ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक वजने येऊ लागली, आणि गुंज डबीत गेली. पण ती इतकी वर्षे टिकली याचे कारण तिचे माप अगदी बरोबर होते हे नव्हे. एकदा निवडून डबीत ठेवलेली पक्की गुंज सहसा बदलत नाही. ती ना सुकून हलकी होते ना दमटाने जड. मोजमापाच्या धंद्यात हा गुण बरोबर असण्यापेक्षाही मोठा. चूक कायम तेवढीच असेल तर ती वजा करता येते; रोज वेगळी असेल तर तिचे काय करणार?

भाच्याला मी विचारले, "तुझी ती प्रणाली ठिपक्याचा व्यास विचारते का?"

त्याने पाहिले. "नाही मामा. ती ठिपक्यावर कॅमेरा आणते, मग डोके थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवते, आणि ठिपका चित्रात किती कण सरकला ते मोजते."

हे ऐकले आणि निम्मा प्रश्न सुटला. म्हणजे मोजपट्टी ठिपक्यात नाहीच. ती यंत्राच्या चालीत आहे! या यंत्राचा पट्टा दातेरी, दोन दातांमधले अंतर 2 मिलिमीटर. चाकाला 20 दाते, तेव्हा चाकाच्या एका फेऱ्यात डोके 40 मिलिमीटर सरकते. मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते, आणि तिचा चालक प्रत्येक पावलाचे 16 तुकडे करतो. 3,200 तुकड्यांत 40 मिलिमीटर, म्हणजे एका तुकड्याला 0.0125 मिलिमीटर. पट्टी यंत्राच्या पोटातच आहे. ठिपक्याने फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या: गोल दिसायचे, ठळक दिसायचे, आणि जागचे हलायचे नाही.

मग असा ठिपका शोधायला दूर कशाला जा? भाच्याच्या प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात तो छापलेलाच असतो! बोर्ड करणारे कारखाने यंत्राच्या खुणेसाठी उघड्या तांब्याचा एक मिलिमीटरचा गोल आणि त्याभोवती गडद रंगाचे कडे ठेवतात. हा गोल हाताने कोरलेला नसतो, फोटोच्या रीतीने उठवलेला असतो. त्याची कड सुरीने कापल्यासारखी. रद्द झालेले पाच-सहा बोर्ड माळ्यावर पडून होते. मी हॅक्सॉ घेतला आणि त्यांचे कोपरे कापले. एवढ्यासाठी भाचा परदेशी पैसे पाठवायला निघाला होता!

पण अचूकपणा असा फुकट मिळत नाही. ठिपक्याच्या मापातून तो गेला तो उंचीत येऊन बसला. जवळची वस्तू मोठी दिसते हे आपण जाणतोच. आमच्या कॅमेऱ्याचे भिंग बोर्डापासून 60 मिलिमीटरवर आहे. बोर्डाची जाडी 1.6 मिलिमीटर. ठिपका बोर्डाच्या पाठीवर न ठेवता खाली टेबलावरच चिकटवला, तर तेवढ्याने मापात जवळजवळ पावणेतीन टक्के फरक पडतो. टक्के ऐकायला थोडे वाटतात. चित्राच्या मध्यापासून 12 मिलिमीटरवर असलेल्या भागापर्यंत तो फरक साधारण 0.3 मिलिमीटर होतो, आणि आमचा रेझिस्टरच मुळी 0.8 मिलिमीटर रुंद! 'नेमाने तिसरीकडे' पडण्याचे एक मोठे कारण इथे सापडले. बोर्डाचाच कापलेला कोपरा वापरल्याचा खरा लाभ हा, की त्याची उंची जात्याच बोर्डाएवढी आहे. ती मोजावीसुद्धा लागली नाही.

दुसरा ठिपका मात्र मोजावा लागला. हा दुसरा कशाला? तर भाग ज्या फितींतून येतात त्या फिती बोर्डापेक्षा उंच असतात, आणि त्याही हाच डोळा पाहतो. एका उंचीवरचा हिशेब दुसऱ्या उंचीला लागू पडत नाही. म्हणून ओपनपीएनपी दोन वेगळ्या उंचींवरचे दोन ठिपके मागते; दोन्ही पाहिले की मधल्या कोणत्याही उंचीचे माप ती गणिताने काढते. आम्ही चार कोपरे दुहेरी चिकटपट्टीने एकावर एक चिकटवले. चार वेळा 1.6 म्हणजे 6.4, आणि चिकटपट्टीचे तीन थर, मायक्रोमीटरने 6.72 भरले. पण तेही तीन बाजूंना. चौथ्या बाजूला 6.80! थर कुठेतरी दबला नव्हता. आरशाच्या काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरला आणि तो ठोकळा आठच्या आकड्यात फिरवीत खालून घासला. वीस मिनिटे घासा, पुसा, मोजा, पुन्हा घासा. ताई दारात येऊन म्हणाली, "अरे, चंदन उगाळतोस की काय?" सगळ्या बाजू जवळपास सारख्या आल्यावर थांबलो. वरचा ठिपका कॅमेऱ्याखाली नेला, तर खालचा जो 53 कणांचा दिसत होता तो इथे 58 कणांचा दिसला. भूमितीने हिशेब केला तर तेवढाच यायला हवा होता. अशा वेळी माणसाला कोण आनंद होतो ते टूलरूमवाल्यालाच विचारावे.

घरी बसून काय मोजमाप होणार, असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सनची गोष्ट सांगतो. एस्किलस्टूना गावच्या बंदुकांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. तिथे प्रत्येक मापासाठी वेगळा पोलादी ठोकळा लागे, आणि मापे तर शेकडो. 1896 साली त्याच्या मनात आले की थोडेच ठोकळे असे निवडावेत की ते एकमेकांना जोडून हवे ते माप तयार होईल. त्याच्या 102 ठोकळ्यांच्या संचातून सुमारे 20,000 मापे निघत. पण ठोकळे इतके सपाट आणि इतके नेमके घासायचे कशावर? कारखान्यात तसले यंत्र नव्हते. त्याने घरी बायकोच्या शिवणयंत्राचे घासणयंत्र केले! जगभरच्या टूलरूममध्ये आज ज्यांना स्लिप गेज म्हणतात आणि मखमलीच्या पेटीत ठेवतात, त्यांचा जन्म शिवणयंत्रावर झालेला आहे. पुढे 1923 साली फोर्डने योहान्सनला अमेरिकेला नेले. त्याच्या पत्नीने त्या शिवणयंत्राबद्दल काय म्हटले याची नोंद माझ्या वाचनात नाही. पण अंदाज कोणत्याही गृहिणीला करता येईल.

ठिपके झाले, आता उजेड. तांब्याचा गोल आरशासारखा चमके आणि कॅमेऱ्याला त्यात आपल्याच दिव्यांचे चार चांदण्यांसारखे ठिपके दिसत. मग ठिपका कोणता आणि चांदणी कोणती? उजेड गाळून घ्यायला हवा होता. स्वयंपाकघरात श्रीखंडाचा पांढरा प्लास्टिकचा डबा होता. त्याचा तळ कापून कडे केले, दिव्यांपुढे बसवले. उजेड ढगाळ दिवसासारखा मऊ झाला आणि चांदण्या मावळल्या. डबा रिकामा करण्याचे काम भाच्याच्या मुलाने आनंदाने अंगावर घेतले, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर डोळा आणि सोंड यांच्यातले अंतर. डोळा पाहतो एका जागी, सोंड उतरते दुसऱ्या जागी; दोहोंत किती अंतर आहे ते यंत्राला सांगितले नाही तर ते पाहील हे आणि टोचील ते. यासाठी सोंड कशात तरी टोचून ठसा उठवायचा, आणि मग डोळा त्या ठशावर आणून किती सरकावे लागले ते वाचायचे. भाच्याने उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरातून पोळ्यांच्या कणकेचा गोळा आणला. ठसा उमटला, हळूहळू भरून आला, आणि सोंडेच्या बारीक भोकात कणीक जाऊन बसली ती वेगळीच. ताईने ती शिवणाच्या सर्वांत बारीक सुईने काढली. मग मी मुलांची खेळण्यातली रंगीत माती घेतली, काचेवर लाटण्याने पातळ लाटली आणि वरून तोंडाला लावायची पावडर भुरभुरवली. सोंड टेकली की पांढऱ्यावर गडद कडे उठते, आणि ते फुगत नाही, आटत नाही. तीन ठसे उठवले. तिन्हींचे उत्तर एकमेकांशी जुळले.

खालच्या डोळ्याची तऱ्हा याहून गमतीची. सोंड अगदी सरळ असती तर ती गोल फिरवल्यावर तिचे टोक जागच्या जागी फिरले असते. पण सरळ सोंड देवाघरीच. आमची सोंड फिरताना टोकाने एक इवलेसे वर्तुळ काढते. आता ती सरळ करीत बसायचे का? मुळीच नाही. गवंडी पाणसळ कशी तपासतो ते आठवा. भिंतीवर ठेवून बुडबुडा पाहतो, मग पाणसळ उलटी फिरवून त्याच जागी पुन्हा पाहतो. बुडबुडा दोन्ही वेळा वेगवेगळ्या जागी आला तर खरी पातळी त्या दोन जागांच्या मधोमध. सदोष हत्यारानेच निर्दोष उत्तर काढायची ही युक्ती मोठी सुंदर आहे. सोंडेचेही तेच: तिला सर्व दिशांना फिरवायचे, प्रत्येक वेळी टोक कुठे आहे ते खालच्या डोळ्याने टिपायचे, आणि त्या वर्तुळाचा मध्य काढायचा. कोणत्या कोनात टोक किती सुटते हे एकदा कळले की यंत्र तेवढे सोडून हिशेब करते. इथे घरी करावा लागला तो एकच भाग: सोंडेच्या मागे एक काळी चकती, म्हणजे खालच्या डोळ्याला मागची मोटर आणि तारा दिसून घोटाळा होऊ नये. चित्रकलेच्या जाड कागदाची चकती कापली आणि तिला फळ्याला देतात तो काळा रंग दिला. तो रंग मुळी चकाकू नये म्हणूनच केलेला असतो.

राहता राहिली भिंगाची वाकडी नजर. स्वस्त भिंगातून सरळ रेघ चित्राच्या कडेला धनुष्यासारखी दिसते. पूर्वी हा दोष मोजायला काटकोनात जोडलेल्या दोन-तीन पृष्ठांची महागडी आणि नेमकी साधने लागत. 1998 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या झेंगयू झांग यांनी दाखवून दिले की एकच सपाट नक्षी पुरते. ती कॅमेऱ्यापुढे निरनिराळ्या कोनांत धरावी, नुसत्या हाताने धरली तरी चालते, कोन कोणता होता हे माहीत नसले तरी गणित ते शोधून काढते. 2000 साली त्यांचा निबंध छापून आला. त्यांनी स्वतः नक्षी काय वापरली होती? प्रिंटरवर छापलेले काळे चौकोन, काचेवर चिकटवलेले! हे वाचल्यावर भाच्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले, कारण त्याचा पहिला कागद त्याच जातीचा होता. मी त्याला काचेकडे बोट करून दाखवले. कागद काचेला चिकटला की सपाट राहतो, आणि या कामाला सपाटपणाच मुख्य लागतो.

शेवटची तपासणी मी माझ्या समाधानासाठी केली. यंत्राच्या पोटातली पट्टी खरी आहे, हे यंत्राच्याच तोंडून ऐकून कसे चालेल? म्हणून एक अख्खा बोर्ड ठेवला. त्याच्या दोन कोपऱ्यांतल्या खुणांमधले अंतर आराखड्यात 70 मिलिमीटर लिहिलेले. यंत्राला एका खुणेवरून दुसरीवर जायला सांगितले. त्याने सांगितले 70.18. बोर्ड काटकोनात फिरवून दुसऱ्या दिशेने पाहिले, तर तिथे 70.02. म्हणजे बोर्ड बरोबर, एका बाजूचा पट्टा सैल. पट्टा ताणला आणि पुन्हा मोजले. मग दोन्ही दिशा एका मापाला आल्या.

त्या रात्री काचेवर चिकटपट्टी लावून यंत्राला वीस रेझिस्टर ओळीने ठेवायला सांगितले. ते टकटक करीत ठेवीत गेले. ताई भिंग घेऊन आली, ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, आणि काही न बोलता भिंग भाच्याच्या हातात दिले. भाच्याने पाहिले, मग मी पाहिले. आगपेटीतल्या काड्यांसारखी ओळ होती.

दुसऱ्या दिवशी खरे बोर्ड लावले. पहिले पाच झाले. ताईने ते एकेक करून भिंगाखाली धरले; अजून भट्टीत जायचे होते, पेस्ट ओली होती. पाचवा खाली ठेवून ती म्हणाली, "ठेवलेत छान. पण दिवा उलटा आहे. पाचही ठिकाणी."

खरेच होते. दिव्याला उलट-सुलट असते. पण खालच्या डोळ्याला पोटाकडून त्याची दोन्ही टोके सारखीच दिसतात. तिरका असला तर तो सरळ करील, अर्धा फेरा फिरलेला असला तर त्याला पत्ताही लागायचा नाही. फितीत दिवा कोणत्या तोंडाने येतो हे माणसानेच लिहून द्यावे लागते. भाच्याने त्या जागी 180 अंश लिहिले. ताईने चिमटा मागवला, पाचही दिवे उचलून फिरवून ठेवले, आणि म्हणाली, "आता चालू दे. दर पाच बोर्डांनी मला हाक मार."